फळ्यावर नसलेली पाटी

आमच्या गावातून बाहेर पडायला एकच रस्ता आहे. ब्याण्णव किलोमीटर. एका टोकाला समुद्र आणि आम्ही, दुसऱ्या टोकाला हमरस्त्याचा फाटा. मध्ये डोंगर, जंगल, तीन पूल आणि एकशे चौदा वळणं. घर म्हणून एक नाही, मोबाईलला रेंज नाही. दिवसाला दहा गाड्या गेल्या तरी आज फार वर्दळ होती बाई, असं आम्ही म्हणतो.

गाव संपतं तिथे पेट्रोल पंप आहे. पंपाच्या ऑफिसात भिंतीवर एक निळा फळा, आणि फळ्यासमोर कमरेला उशी लावून बसलेल्या पंपाच्या काकू. त्यांना दुसरं नाव असणारच, पण ते बँकेच्या पासबुकाबाहेर कुणी वापरलेलं मी ऐकलं नाही.

फळ्यावर मधोमध पांढरी रेघ आहे. डावीकडे लिहिलंय ‘रस्त्यावर’, उजवीकडे ‘पोचले’. दोन्हीकडे खिळ्यांच्या रांगा, आणि खिळ्यांना अडकवायला पंजाएवढ्या लाकडी पाट्या. प्रत्येक गाडीची एक : मासळी, पोस्ट, शाळा, बेकरी, दंतवैद्य. बाहेरच्यांसाठी पाहुणा एक ते पाहुणा सहा. गाव सोडणारी गाडी पंपावर थांबून हॉर्न देते, काकू तिची पाटी डावीकडे लावतात आणि बाजूला खडूनं वेळ लिहितात. अडीच तासांनी फाट्यावरच्या हॉटेलवाल्याचा फोन येतो, “मासळी आली.” काकू पाटी रेघेपलीकडे नेतात आणि फोनमध्ये एकच शब्द बोलतात, “हलवली.” अडीच तासांवर अर्धा तास सवलत. तेवढ्यातही फोन आला नाही, तर काकू खिडकीतून मागच्या गॅरेजकडे तोंड करून ओरडतात, “अहो, निघा!” आणि त्यांचे यजमान, आमचे मेकॅनिक काका, टोचनची गाडी बाहेर काढतात. त्या गाडीला सगळे ‘पिवळी’ म्हणतात. बंद पडलेल्या किती गाड्या तिनं मागे बांधून आणल्या असतील त्याला गणती नाही.

हा फळा काकूंच्या सासऱ्यांनी केला. त्याच्या आदल्या वर्षी गुरांच्या डॉक्टरांची जीप दुसऱ्या पुलाखाली गेली होती. गावाला वाटलं ते पलीकडे पोचले, पलीकडच्यांना वाटलं ते निघालेच नाहीत. पाय मोडून डॉक्टर दोन दिवस तिथे पडून होते. वाचले, आणि अजून लंगडत लंगडत गुरं तपासतात. पण सासरे म्हणाले, “रस्त्यावर कोण आहे हे कुणाला तरी माहीत पाहिजे.” कुणाला तरी म्हणजे कुणाला, हे ठरायला वेळ लागला नाही. घरात नवी सून आलेलीच होती.

त्याला एकतीस वर्षं झाली. या फळ्यामुळे गावात लपूनछपून काही करता येत नाही, ही एक अडचण आहे. “आमच्या ह्यांना बाहेरगावी प्रकरण करायचं झालं तर चालत जावं लागेल,” असं दंतवैद्यांची बायकोच सांगते. बाकी तक्रार नाही.

तक्रार असलीच तर ती काकूंच्या घरात, आणि तीही फार नाही. पंपाच्या मागे दोन खोल्या काकूंच्या, दोन धाकट्या जावेच्या, आणि स्वयंपाकघर एक. धाकटीचा नवरा बोटीवर असतो, वर्षातले आठ महिने बाहेर. काकूंचं सगळं फळ्यासारखं. डब्यांवर चिठ्ठ्या, चमचे मापाप्रमाणे, चहाची गाळणी वापरली की धुऊन त्याच खिळ्याला. त्या गाळणीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही. आणि धाकटी? गॅसवर दूध ठेवून ती खिडकीतून बोटी बघत उभी राहायची. बावीस वर्षांत किती लिटर दूध उतू गेलं याचा काकूंनी हिशेब ठेवला नाही एवढाच त्यांचा चांगुलपणा. भांडण असं कधी झालं नाही. काकू ओटा पुसायच्या, जरा जोरात पुसायच्या, आणि धाकटी म्हणायची, “ताई, द्या ना मी पुसते.” “राहू दे,” काकू म्हणायच्या. हे ‘राहू दे’ बावीस वर्षं चाललं होतं.

फळ्यापाशीही धाकटीला कधी बसू दिलं नव्हतं. काकू जेवायला गेल्या तरी फोनची तार लांब करून तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणत. लग्नं, बारशी, आजारपणं, सगळ्यांना त्यांचा निरोप एकच, “फळा आहे हो.” गेल्या एकोणीस वर्षांत स्वतः त्या रस्त्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. गाव हसायचं. पण आपली गाडी त्या वळणांत असली, की काकू खुर्चीतून हललेल्या नाहीत हे आठवून बरंही वाटायचं.

हसली नाही ती त्यांची मुलगी. ती लग्न होऊन शहरात गेली, फाट्यापासून पुढे बसनं दोन तास. चार वर्षांपूर्वी तिला मुलगा झाला तेव्हा काकू जायला निघाल्या होत्या. पिशवी भरलेली होती. त्या दिवशी दरड कोसळली, तीन पाट्या डावीकडे होत्या, आणि काकूंनी पिशवी परत रिकामी केली. नातू पहिल्यांदा पाहिला तो पाच महिन्यांचा झाल्यावर, मुलगीच घेऊन आली म्हणून. नंतर बरेच दिवस ती फोनवर “बाबांना दे” एवढंच म्हणायची.

आता दुसरी वेळ होती. शहरातल्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती, गुरुवारी सकाळी नऊ. मुलीनं फोन केला.

“आई, येणारेस का?”

“बघते गं. इथे फळा...”

“फळ्याला बाळ होणार आहे का? मला होणार आहे.”

काकूंनी फोनची तार बोटाला गुंडाळली.

“मला आत नेतील तेव्हा तू बाहेर असायला हवीस. बस. बाकी काही नको मला. आणि या वेळी नाही आलीस ना, तर पुढे मी विचारणार नाही.”

काकूंनी फोन ठेवला आणि धाकटीला हाक मारली.

चार दिवस शिकवणी चालली. काकूंनी वहीची दोन पानं दोन्ही बाजूंनी भरून नियम लिहिले आणि फळ्याशेजारी चिकटवले. सतरा नियम होते. पाहुण्यांच्या पाट्या आकड्यांच्या क्रमानंच लावायच्या. वेळ घड्याळात बघून लिहायची, अंदाजानं नाही. ‘हलवली’ म्हणायच्या आधी पाटी हलवायची, नंतर नाही. सतरावा नियम : फळा रिकामा असेल तर त्याच्याकडे बघत बसू नये, दुकान झाडून घ्यावं.

“ताई, मला जमेल हो,” धाकटी म्हणाली.

“जमेल गं. पण लक्ष?”

धाकटी खिडकीबाहेर बघत होती. “दोन बोटी आल्या,” ती म्हणाली.

काकूंनी कपाळाला हात लावला.

बुधवारी सकाळी दहाला निघायचं ठरलं. काका पिवळीनं फाट्यापर्यंत सोडणार आणि परत येणार, काकू पुढे बसनं शहरात. मासळीची गाडी पहाटे गेली होती आणि पोचली होती. पोस्ट उद्या. शाळेला सुट्टी. काकूंनी मुद्दाम असा दिवस निवडला होता. निघताना त्यांनी फळ्याकडे शेवटचं पाहिलं. डावीकडे एकही पाटी नव्हती. इतका स्वच्छ फळा ताब्यात देताना त्यांना बरं वाटलं. धाकटीनं खिडकीतून डबा दिला, थर्मास दिला, आणि हात हलवायच्या आधीच वळून आत गेली.

“बघा,” काकू म्हणाल्या, “आत्ताच लक्ष उडालं.”

“चल गं बाई,” काकांनी गियर टाकला.

एकोणीस वर्षांनी काकू रस्ता बघत होत्या, पण अनोळखी म्हणून नाही. काका प्रत्येक वळणाला बोट दाखवत होते. “हे बेकरी. टायर फुटला होता.” “हां, मार्च महिना. चार वाजून गेले होते.” “आणि हे दंतवैद्य.” “दोनदा ना?” “दोनदा इथेच. त्यांना उतारावर ब्रेक दाबून धरायची खोड आहे.” दुसऱ्या पुलावर काकांनी गाडी हळू केली. खाली झाडी होती, आणि पाणी. काकूंनी मान बाहेर काढून पाहिलं.

एक्कावन्नाव्या किलोमीटरला बॉनेटमधून आधी वास आला, मग वाफ. काकांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि बराच वेळ डोकं आत घालून उभे राहिले.

“काय झालं?”

“पंख्याचा पट्टा तुटला.”

“मग लावा दुसरा.”

काका मागे गेले. पिवळीच्या मागे लोखंडी दांडीला पट्टे लटकवलेले असतात. मासळीचा, पोस्टाचा, बेकरीचा, दंतवैद्यांचे दोन. गावातल्या प्रत्येक गाडीचा पट्टा होता.

“पिवळीचा मागच्या महिन्यात शाळेच्या बसला लावला,” काका म्हणाले. “म्हटलं, आणू नंतर.”

त्यांनी दोरी गुंडाळून पाहिली. दोनशे मीटर चालली आणि जळाली. पावणेबारा झाले होते.

काकूंना पहिल्यांदा काही वाटलं नाही. गाडी बंद पडली की काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? साडेबाराला फोन जाणार नाही, एकला खिडकीतून हाक, की पिवळी निघेल. मग त्यांचं लक्ष ज्या पत्र्याला त्या टेकल्या होत्या त्याच्याकडे गेलं. तो पिवळा होता.

“अहो,” त्या म्हणाल्या, “पिवळीची पाटी कुठली?”

“पिवळीची? पिवळीला कशाला पाटी? ती तर शोधायला...” काका थांबले.

एकतीस वर्षांत पिवळीची पाटी कुणी केलीच नव्हती. काकूंची तर नव्हतीच. त्यांनी सतरा नियम लिहिले होते, आणि आपण स्वतः रस्त्यावर असणार हे एकाही नियमात नव्हतं. फळा रिकामा होता. धाकटी आत्ता सतरावा नियम पाळून दुकान झाडत असणार. दुपारी काका परतले नाहीत तर तिला वाटेल, गेले असतील लेकीकडे, राहिले असतील. आणि शहरात लेकीला वाटेल, आई निघालीच नाही. या वेळीही.

फळा त्यांना पाठ होता, त्यामुळे पुढचं गणित चटकन झालं. आज या रस्त्यावर आता कुणी नाही. मासळीची गाडी आज पलीकडेच मुक्कामाला, उद्या पहाटे पोस्टाची गाडी निघेल, इथे यायला सव्वासात, फाटा साडेआठ, पुढे दोन तास. तोवर लेकीला आत नेलेलं असेल, आणि बाहेर कुणी नसेल.

“चालत गेलं तर?” त्या म्हणाल्या.

“एक्केचाळीस किलोमीटर? तुझे गुडघे?”

“मग तुम्ही जा.”

“आणि तुला इथे टाकून? काय बोलतेस.”

काकू कठड्यावर बसल्या. डोळे पुसले, मग चष्मा पुसला. “सगळ्यांच्या पाट्या रंगवल्या हो मी,” त्या म्हणाल्या. “त्या कागद विकायला आलेल्या माणसासाठीसुद्धा, पाहुणा सहा. एकदा येऊन गेला तो.”

 काकांनी डबा उघडला. पाव होता, उकडलेली अंडी होती, आणि एका कागदाच्या पुडीत मीठ होतं. पुडीला व्यवस्थित घड्या घातलेल्या. काकूंनी ती हातात घेऊन पाहिली. बावीस वर्षांत धाकटीनं अंड्यांबरोबर मीठ आठवणीनं दिल्याचं त्यांना काही स्मरेना.

“खा,” काका म्हणाले. “उपाशी राहून पट्टा नाही जोडला जाणार.”

अंडी खाल्ली. झाडांच्या फटीतून खाली समुद्राची एक पट्टी दिसत होती, त्यावर एक ठिपका. काका म्हणाले, बोट असेल. काकू म्हणाल्या, खडक. मग बराच वेळ दोघं तो हलतोय का ते बघत बसली. काकूंच्या लक्षात आलं, की दिवसाउजेडी, हाताला काही काम नसताना, आपण दोघं शेजारी शेजारी कधी बसलो होतो ते आठवत नाही. काकांच्या शर्टाचं दुसरं बटण तिसऱ्या काज्यात होतं. त्यांनी ते नीट केलं.

“हललं,” काका म्हणाले.

“हललं खरं,” काकूंनी कबूल केलं. “बोटच आहे.”

एक वाजला तेव्हा काकूंनी घड्याळात पाहिलं. खिडकीतून हाक मारायची वेळ. त्यांनी घड्याळ पदराखाली झाकलं.

दोन वाजून पाच मिनिटांनी गावाच्या बाजूनं इंजिनाचा आवाज आला. काकू उठून उभ्या राहिल्या. आज या रस्त्यावर कुणी नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. वळणातून गुरांच्या डॉक्टरांची जीप आली, आणि डॉक्टर एक पाय आधी, मग दुसरा, असे उतरले.

“तुम्ही इकडे कुठे?” काकूंनी विचारलं. “कुणाची म्हैस?”

“तुम्हीच,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्या जावेनं पाठवलंय. दोर आणलाय, पाणी आणलंय, बँडेज आणलंय. जनावरांचं आहे, पण चाललं असतं.”

“पण आमची पाटी नव्हती फळ्यावर.”

“पाटी नव्हती. चहाची गाळणी होती.”

“काय होती?”

“गाळणी. तुमची. डावीकडे पहिल्या खिळ्याला. आणि दुसऱ्या खिळ्याला ह्यांचा दहा नंबरचा पाना. बाजूला वेळ लिहिलेली, दहा वाजून चार मिनिटं. तुमची गाडी वळणाआड जायच्या आत लावलं म्हणाली.”

हात न हलवता धाकटी आत का वळली, ते काकूंना आता कळलं. पण सवय जाईना. त्यांनी डॉक्टरांच्या घड्याळात पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, “तुम्ही इतक्या लवकर कसे पोचलात? एकच्या आधी निघायचं नसतं. अर्धा तास सवलत असते.”

“हेच म्हटलं मी तिला!” डॉक्टर हसायला लागले. “बारा पस्तीसला दारात उभी. मी म्हटलं, अगं, नियम आहे ना सवलतीचा? तर म्हणाली, ताई आजवर कुठे एक मिनिट उशिरा पोचल्यात का? सवलत बाकीच्यांना.”

काका गाडी सोडून यायला तयार नव्हते. त्यामुळे असं ठरलं, की डॉक्टरांनी काकूंना फाट्यावर सोडायचं, तिथून पट्टा घेऊन परत यायचं. काकांनी उरलेला पाव आणि थर्मास स्वतःकडे ठेवला. “लेकीला सांग, बाबा रविवारी येतील.” मग जीप सुरू झाल्यावर ओरडून म्हणाले, “साध्या बसनं जाऊ नकोस, जलद बघ!” काय बोलायचं होतं ते दोन्ही वाक्यांत नव्हतं, पण काकूंनी मान डोलावली.

 वाटेत तिसरा पूल ओलांडल्यावर डॉक्टर म्हणाले, “दोन दिवस पडलो होतो ना, तेव्हा मला भीती कसली वाटत होती माहितीये? मरायची नाही. सगळे मजेत जेवत असतील, याची.”

“मीठ होतं आमच्याकडे,” काकू म्हणाल्या. डॉक्टरांना ते कळलं नाही, आणि काकूंनी समजावलं नाही.

फाट्यावर पोचायला तीन वाजून गेले. हॉटेलात शिरल्या तशा काकू बघतच राहिल्या. ज्या माणसाशी एकतीस वर्षं दिवसातून आठ वेळा बोलत होत्या, तो गल्ल्यामागे स्टुलावर उभा होता आणि तरी त्यांच्या खांद्याला लागत होता. त्यांनी शेवटचं पाहिलं त्याला एकोणीस वर्षं झाली होती, आणि मधल्या काळात आवाजावरून त्या त्याला उंच करत गेल्या होत्या.

“काकू?” तो म्हणाला. “मला वाटलं तुम्ही लठ्ठ असाल.”

“फोन द्या,” काकू म्हणाल्या.

त्यानंच नंबर फिरवला आणि रिसीव्हर पुढे केला. पलीकडे पहिल्याच घंटेला उचलला गेला.

“फाट्यावरून बोलतेय,” काकू म्हणाल्या. “पोचले.”

पलीकडे रिसीव्हर खाली ठेवला गेला. मग खुर्ची सरकल्याचा, चार पावलांचा, आणि लाकडावर धातू टेकल्याचा बारीकसा आवाज. परत चार पावलं.

“हलवली,” धाकटी म्हणाली.

हा शब्द काकूंनी हजारो वेळा उच्चारला होता. या टोकाला तो कसा ऐकू येतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या बाकावर टेकल्या.

“डॉक्टरांची पण पाटी हलवली,” धाकटी पुढे म्हणाली. “भावजींचा पाना डावीकडेच ठेवलाय. ते अजून रस्त्यावर आहेत ना?”

“हो. आहेत.”

“मग असू दे तिथेच.” जरा थांबून ती म्हणाली, “ताई, दूध मात्र उतू गेलं. फळ्याकडे बघत होते.”

ओटा कसा झाला असेल ते काकूंच्या डोळ्यांसमोर आलं. गॅसच्या कडेनं वाळत चाललेली पिवळी साय, खाली गेलेला ओघळ.

“जाऊ दे गं,” त्या म्हणाल्या. “पुसशील तू.”

हॉटेलवाल्यानं चहा आणून ठेवला. त्यात चहाची पूड तरंगत होती. काकूंनी तो तसाच प्यायला आणि जलद बस कधी आहे ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी नऊला मुलीला आत नेलं तेव्हा तिनं स्ट्रेचरवरून मान वळवून पाहिलं. काकू बाकावर होत्या, पिशवी मांडीवर, दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकवलेले. “अगं, आहे मी,” त्या म्हणाल्या. मुलगी हसली आणि दार बंद झालं.

साडेदहाला त्यांनी दवाखान्यातून पंपावर फोन लावला. “मुलगी झाली. दोघी छान आहेत.”

पलीकडून धाकटीचा श्वास ऐकू आला, आनंदाचा की घाईचा ते कळेना.

“ताई, एक मिनिट हं,” ती म्हणाली. “गॅसवर दूध आहे.”

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. काकूंच्या मागे फोनसाठी दोघंतिघं ताटकळत उभे होते. त्यांच्याकडे पाठ करून काकू रिसीव्हर कानाला लावून थांबल्या.